जुन्या डिझेल पिकअपचा पंप बदलण्याआधी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सेकंड हँड घेतलेला, सतरा-अठरा वर्षांचा डिझेल पिकअप आहे. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्याशिवाय इंजिन चालू होत नाही आणि चालू होताना पांढरा धूर सोडते. सपाट रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालते; परंतु सुपारी किंवा नारळ भरून केरीहून चोर्ला घाट चढू लागले की ओढ मध्येच जाते, गाडी बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये त्यांना नवा डिझेल पंप आणि चारही इंजेक्टर (सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग) बदलण्यास सांगण्यात आले असून तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात जातो. कमी खर्चात कोणते भाग बदलता येतील, असे त्यांचे विचारणे आहे. त्यांनी आणखी दोन गोष्टी ओघात सांगितल्या आहेत: आधीच्या मालकाने ही गाडी मालिमच्या जेटीवरून मासळी नेण्यासाठी वापरली होती, आणि बागेतील पाण्याच्या इंजिनासाठी घरी बॅरलमध्ये साठवलेले डिझेलच ते गाडीतही घालतात. माझ्या मते प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ डिचोली परिसरात डिझेल पंप आणि नोझलचे काम करीत आलो आहे, आणि आपल्याला पहिली विनंती ही की पंपाला अजून हात लावू देऊ नका. आपण सांगितलेली लक्षणे पंपापेक्षा टाकी ते पंप या टप्प्याकडे, म्हणजे कमी दाबाच्या बाजूकडे, अधिक बोट दाखवतात. पंपाच्या आतील प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) झिजले असतील तर ते दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरे होत नाहीत. उलट गरम झाल्यावर डिझेल पातळ होते, झिजलेल्या प्लंजरच्या कडेने अधिक निसटते, आणि म्हणून झिजलेला पंप गरम असताना चालू होण्यास जास्त त्रास देतो. आपली गाडी मात्र थांबून पुन्हा चालते. टाकीतील गाळ चढावर डिझेलच्या ओढीने जाळीवर जाऊन चिकटतो, इंजिनाला डिझेल अपुरे पडते, गाडी थांबली की ओढ संपते, गाळ खाली बसतो आणि वाट पुन्हा मोकळी होते. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल कमी लागत असल्यामुळे अर्धवट बुजलेली जाळीही पुरेशी ठरते. सकाळच्या त्रासाचे कारण बहुधा वेगळे असले तरी ते याच बाजूचे आहे: रात्रभरात कुठल्यातरी सैल जोडातून हवा आत शिरते, नळीतील डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी स्टार्टरला आधी ती सगळी नळी भरावी लागते. गोव्यात थंडीमुळे इंजिन चालू होत नाही हे कारण मला पटत नाही. आपल्याकडे माघातल्या पहाटेही असा गारठा नसतो की निरोगी डायरेक्ट इंजेक्शनचे (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारे) इंजिन दोन-तीन फेऱ्यांत चालू होऊ नये.

अर्थात हा अंदाज आहे, आणि अंदाजावर भाग बदलणे हाच जुन्या गाडीवरील सर्वांत महागडा खर्च असतो. म्हणून आधी कॅनची तपासणी करा. पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन, पेट्रोल पंपावरून घेतलेले ताजे डिझेल, डिझेलला चालणारी दोन-तीन मीटर पारदर्शक नळी आणि चार क्लिपा एवढेच साहित्य लागते. फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाकडे) येणारी टाकीची नळी सोडवून तिच्या जागी ही पारदर्शक नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक कॅनमध्ये बुडवावे. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. कॅन प्रथम जमिनीवर, दगडावर वगैरे ठेवून टाकीच्या उंचीइतकाच राहील असे पाहावे. तो उंच ठेवला तर डिझेल आपल्या वजनानेच खाली येईल आणि फीड पंपाचा अशक्तपणा किंवा हवेची गळती झाकली जाईल. हवा काढून गाडी चालू करावी, रात्रभर तशीच उभी ठेवावी आणि सकाळी पुन्हा चालू करून पाहावी. ती झटकन चालू झाली, तर दोष टाकीत किंवा टाकीपासून येणाऱ्या नळीत आहे. नाही झाली आणि पारदर्शक नळीत डिझेल मागे सरकलेले दिसले, तर दोष फीड पंपाच्या झडपांत, हँड प्रायमरच्या (हाताने दाबून डिझेल भरण्याच्या दट्ट्याच्या) रबरात किंवा फिल्टरच्या जोडांत आहे.

दुसऱ्या दिवशी कॅन हौद्यात घट्ट बांधून, नळी कोठे घासणार वा वितळणार नाही अशी नेऊन, भरलेली गाडी घाटात न्यावी. या वेळी कॅन उंचावर असणार हे लक्षात ठेवावे. ओढ परत आली तर पंप आणि इंजेक्टर निर्दोष आहेत असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते, आणि टाकी, नळी व फीड पंप यांपैकी कोण दोषी ते पहिल्या तपासणीशी ताडून कळते. कॅन लावूनही ओढ जात असेल, तरच फिल्टरच्या पुढचा विचार करायचा. ही तपासणी करायला कोणत्याही यंत्राची गरज नाही, तरीही ती क्वचितच केली जाते, याचे मला वर्षानुवर्षे वाईट वाटत आले आहे.

आता टाकीकडे येऊ. मासळीच्या गाडीची टाकी ही साधी टाकी नसते. बर्फ वितळून खाऱ्या पाण्याची धार हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे चेसिसवर, टाकीच्या पट्ट्यांवर आणि लोखंडी डिझेल नळीवर गळत राहते. टाकी बाहेरून रंगवलेली दिसली तरी पट्टीच्या खाली, जिथे ओलावा धरून राहतो, तिथे ती गंजून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडलेली असतात. तीच गत नळीची, विशेषतः जिथे ती क्लिपेने चेसिसला धरलेली असते तिथे. तिथले छिद्र डिझेल बाहेर टाकत नाही. इंजिन चालू असताना त्या नळीत ओढ असते, म्हणून ते हवा आत घेते. जमिनीवर थेंब पडत नाही म्हणून नळी चांगली आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

टाकी पूर्ण उतरवून घ्यावी. तळाचा प्लग काढून सारे डिझेल एका पांढऱ्या बादलीत काढावे आणि तासभर स्थिर ठेवावे. पाणी खाली बसेल, त्यात गंजाची तांबूस पूड दिसेल, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळपट बुळबुळीत थर दिसला तर ती जिवाणू व बुरशीची वाढ आहे. उष्ण आणि दमट हवेत, टाकीत पाणी असेल आणि गाडी बराच काळ उभी असेल तर ही वाढ हमखास होते. 2012 साली गोव्यातील खाणी बंद झाल्यानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या टाक्या आम्ही उघडल्या, तेव्हा काही टाक्यांच्या जाळ्यांवर साय धरावी तसा हा थर धरला होता. नवा फिल्टर बसवला की आठवड्यात बुजायचा आणि मालक फिल्टरलाच दोष द्यायचे.

टाकी धुताना आत मूठभर स्वच्छ खडी किंवा साखळीचा तुकडा आणि थोडे डिझेल घालून ती हलवली तर सैल गंज निघतो. नंतर दोन-तीन वेळा डिझेलने खळबळून उन्हात पूर्ण वाळवावी. तळाला छिद्र असेल आणि बाकी पत्रा चांगला असेल तर टाकी दुरुस्त करणे नव्या टाकीपेक्षा खूप स्वस्त पडते, पण एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: रिकामी दिसणारी डिझेलची टाकी तशीच वेल्डिंगला देऊ नका. आतील वाफ ठिणगीने पेट घेते आणि टाकी फुटते. जो कारागीर टाकी आतून नीट धुवून, वाफ काढून, पाण्याने भरून केवळ दुरुस्तीपुरता भाग कोरडा ठेवतो, त्याच्याकडेच हे काम द्यावे. पत्रा जागोजागी पातळ झाला असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची चांगली टाकी बेळगाव किंवा कोल्हापूरकडे मिळू शकते, आणि टाकी हा जुना घेण्यास योग्य असा भाग आहे, कारण त्याची अवस्था डोळ्यांनी पाहता येते.

टाकी हातात असतानाच आतली जाळी आणि हवेची नळी पाहून घ्यावी. टाकीतून डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल ओढले जात नाही. घाटात गाडी थांबली की टाकीचे झाकण उघडून कान द्यावा. फुस्स असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली तर कारण सापडले. आपल्या भागात कुंभारमाशी या बारीक नळीत मातीचे घर बांधते, हे मी स्वतः एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे. त्यासाठी लागतो तो फक्त एक तारेचा तुकडा.

नळ्यांच्या बाबतीत कंजुषी करण्यात अर्थ नाही, कारण त्या स्वस्तच असतात. टाकी ते फीड पंप या मार्गावरील सगळी रबरी नळी, इंजेक्टरांवरून परत येणारी बारीक कापडी वेष्टणाची नळी, आणि प्रत्येक बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या, आतून पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर एकदम बदलावेत. जुना वॉशर तापवून नरम करून पुन्हा वापरण्याची पद्धत अडचणीच्या वेळी ठीक आहे. ठरवून केलेल्या कामात नवाच घालावा. रबरी नळी घेताना ती डिझेलसाठीचीच आहे हे तपासावे. पाण्याची किंवा साधी हवेची नळी डिझेलने फुगते, आतून सोलून निघते आणि तिचे कण थेट फिल्टरमध्ये जातात. गंजलेली लोखंडी नळी मधोमध कापून तिथे रबराचा तुकडा घालण्याऐवजी जोडविरहित नवी नळी ओढून घ्यावी, कारण प्रत्येक जोड ही हवेसाठी एक दार असते.

येथे डिझेलमधील बदलाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (भारत स्टेज-6 या प्रदूषण मानकाचे) डिझेल मिळते आणि त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 10 भागांपर्यंतच असते. त्याआधीच्या बीएस-4 डिझेलमध्ये ही मर्यादा 50 होती. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही कमी होतो, म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच स्निग्धता वाढवणारे द्रव्य मिसळले जाते आणि डिझेलच्या स्निग्धतेची मर्यादा मानकातच ठरलेली आहे. त्यामुळे आजच्या डिझेलने जुना पंप लगेच झिजतो ही भीती अनाठायी आहे. मात्र जुन्या, कडक झालेल्या रबरी सीलना इंधनाची घडण बदलली की गळती लागू शकते. अशा पंपातून बाहेर थेंब येत असतील तर बहुतेक वेळा फक्त सील किट बदलणे पुरते, पंप बदलण्याची गरज नसते. डिझेलमध्ये केरोसीन मिसळण्याची जुनी सवय कोणाला असेल तर ती मात्र सोडून द्यावी. केरोसीन पंपाला कोरडे पाडते.

फिल्टरबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. पंपाच्या प्लंजर आणि त्याच्या नळकांड्यामधील अंतर दोन-तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या फटीचे रक्षण करणारी एकमेव वस्तू म्हणजे फिल्टर. अनेक जुन्या गाड्यांवर दोन फिल्टर असतात, पहिला जाड कण अडवतो आणि दुसरा बारीक. त्यांची अदलाबदल झालेली, किंवा एकच फिल्टर दोन्ही जागी बसवलेला, मी वारंवार पाहतो. दोन्ही फिल्टर एकत्र काही शे रुपयांत येतात, आणि ही रक्कम वाचवण्यासाठी घेतलेला नकली फिल्टर पुढे पंपाचे सारे एलिमेंट (प्लंजर आणि त्याच्या नळकांड्याच्या जोड्या) घेऊन जातो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी स्वतः हुबेहूब नामांकित कंपनीच्या खोक्यातील फिल्टर आणले होते. उघडून पाहिले तर कागदाच्या घड्या निम्म्याच होत्या आणि डिंक डिझेलमध्ये सुटत होता. तेव्हापासून मी नवा फिल्टर बसवण्याआधी वजन करतो, कागद पाहतो आणि ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतो. टाकी धुतल्यानंतर पहिला फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदलावा, कारण कितीही धुतले तरी काही गाळ सुटत राहतो. त्यानंतर नेहमीचे अंतर पाळावे.

फीड पंप इनलाइन पंपाच्या (ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठीचा प्लंजर एका ओळीत बसवलेला असतो) कडेला बसलेला असेल तर तो उघडून दुरुस्त होतो. आतल्या दोन झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, पिस्टन आणि हँड प्रायमरचे रबर यांचे किट मिळते आणि एखाद्या तासात बदलता येते. हँड प्रायमर दाबताना तो हाताला भरीव लागला पाहिजे. पोकळ लागत असेल तर झडप धरत नाही. या पंपाचे एक लक्षण सर्वांनी जाणून ठेवावे: इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल आणि ऑइल मोजण्याच्या काडीवरील तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचे सील किंवा पंपाचे एलिमेंट डिझेल इंजिनात सोडत आहेत. तसे असेल तर गाडी चालवू नये. पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग जातात आणि तो खर्च कोणत्याही पंपापेक्षा मोठा असतो.

आणखी एक लहान भाग आहे, ज्याचे नाव गॅरेजमध्ये क्वचित घेतले जाते: पंपावरील किंवा फिल्टरवरील ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. दिसायला तो बँजो बोल्टसारखाच असतो, आत एक गोळी आणि स्प्रिंग. पंपाच्या दालनात साधारण एक ते दीड बार (बार हे दाबाचे एकक) दाब टिकवणे हे त्याचे काम. स्प्रिंग थकली की डिझेल इंजिनाला मिळण्याऐवजी परतीच्या वाटेने टाकीत निघून जाते, आणि लक्षण दिसते ते भाराखाली ओढ कमी होण्याचे. एका गाडीचा पूर्ण पंप उतरवून, तपासून, निर्दोष ठरवून परत बसवल्यावर मला हा दोष सापडला होता. तेव्हापासून तो मी सर्वांत आधी पाहतो. आपला पंप रोटरी प्रकारचा (एकच फिरता भाग सर्व सिलिंडरांना डिझेल वाटतो तो) असेल तर तिथे त्याऐवजी डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर आणि तिचा जोड पाहावा. चावी फिरवताना त्याचा टक असा आवाज आला पाहिजे. रोटरी पंपाबाबत पाण्याची काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्याचे सारे आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात, तर इनलाइन पंपाच्या, प्लंजर ढकलणाऱ्या कॅमला निदान तेल मिळते.

इथवर आल्यावर, म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर आणि फीड पंप ठीक झाल्यावरही त्रास उरला, तर इंजेक्टरांकडे वळावे. इंजिन आयडलवर चालू ठेवून एकेका सिलिंडरचा हाय प्रेशर पाइप इंजेक्टरच्या टोकाला किंचित सैल करण्याची जुनी पद्धत आहे. जो सैल केल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. हे काम जाणकाराकडून, जाड कापड लावून, हात आणि चेहरा बाजूला ठेवून करावे. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते पण आतून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते, आणि अशा जखमेसाठी त्याच क्षणी इस्पितळ गाठावे लागते. आपली गाडी कॉमन रेलची असेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एका जाड नळीतून डिझेल जात असेल आणि प्रत्येक इंजेक्टरला विजेची वायर असेल, तर चालू इंजिनावर एकही पाइप सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो, आणि तिथले इंजेक्टर बदलल्यावर त्यांचा क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. ते काम वेगळे आणि त्याचा हिशेबही वेगळा. आपल्या गाडीच्या वयावरून आणि वर्णनावरून मी तिला यांत्रिक पंपाची धरून चाललो आहे.

यांत्रिक इंजेक्टर पूर्ण नवा घेण्याची गरज फार क्वचित पडते. त्याचे धड आणि स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकतात. झिजते ती टोकाची नोझल. चारही इंजेक्टर काढून नोझल टेस्टरवर (दाब आणि फवारा तपासण्याच्या साधनावर) लावून घ्यावेत आणि शक्य असेल तर आपण स्वतः समोर उभे राहावे. डायरेक्ट इंजेक्शनच्या अशा इंजिनात नोझल साधारण 200 ते 250 बारच्या दरम्यान उघडते. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. चांगली नोझल हँडल दाबताना चर्र असा तुटक आवाज करते, सर्व छिद्रांतून सारखी वाफेसारखी फवारणी देते, आणि उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार कमी दाब धरून ठेवला तर दहा सेकंदांत टोकाला थेंब लोंबत नाही. थेंब लोंबत असेल तर तीच नोझल काळा धूर, ठोके आणि डिझेलचा जास्त खप यांचे कारण असते. नुसता दाब कमी झाला असेल तर पातळ शिम (धातूची चकती) घालून तो परत आणता येतो आणि त्यासाठी नवी नोझल लागत नाही. नोझल बदलायच्याच असतील तर मात्र चारही एकदम आणि चांगल्याच कंपनीच्या बदलाव्यात. चार नोझलांचा खर्च नव्या पंपाच्या जवळपासही जात नाही. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा असावा आणि जुना खोबणीत चिकटून राहिला नाही ना, हे बोटाने व उजेड पाडून तपासावे. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझलचे टोक आत कमी पोहोचते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि नवी नोझल घालूनही गाडी धूर सोडत राहते.

पंपाचा विचार शेवटी. मेकॅनिक मंडळी आजही ज्याला मायकोचा पंप म्हणतात, ते नाव 1951 साली सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे. 2008 पासून ती बॉश लिमिटेड आहे, पण पंपाच्या पत्र्यावर जुने नाव असले तरी भाग मिळत राहतात. हीच आपल्यासाठी दिलासा देणारी गोष्ट आहे: असा पंप टाकून द्यायचा नसतो. त्याला कॅलिब्रेशनच्या बेंचवर (पंप फिरवून तो देत असलेले डिझेल मोजण्याच्या यंत्रावर) चढवून घ्यावे आणि दुकानदाराला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. एक, पंप उघडण्यापूर्वीचे चारही सिलिंडरचे डिझेलचे माप आणि दुरुस्तीनंतरचे माप कागदावर लिहून हवे. दोन, बदललेला प्रत्येक भाग परत हवा. प्रामाणिक कारागिराला या अटींचा राग येत नाही. पहिल्या मापात चारही सिलिंडर जवळजवळ सारखे असतील तर एलिमेंट चांगले आहेत, फक्त सील बदलून पंप परत आणावा. एखादाच कमी असेल तर आधी त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल पाइपात सोडणारी झडप) पाहावा, मग एलिमेंट. पंप उतरवण्याआधी टायमिंगची (डिझेल फवारण्याच्या वेळेची) खूण करून घ्यायला विसरू नये, आणि हाय प्रेशर पाइप वाकवून किंवा दुसऱ्या गाडीचे बसवून काम भागवू नये; ते सगळे सारख्या लांबीचे असण्यामागे कारण आहे, लांबी बदलली की त्या सिलिंडरला डिझेल पोहोचण्याची वेळ बदलते.

जुन्या बाजारातून दुसरा पंप घेण्याचा मोह होईल. त्यावरील पत्र्यावरचा पूर्ण क्रमांक आपल्या पंपाच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळत असेल तरच तो घ्यावा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पंपांत गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग), फिरण्याची दिशा, डिझेलचे माप सगळे वेगळे असू शकते. पत्रा रंगवून बुजवलेला असेल किंवा नसेलच, तर तो पंप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आणि धूर तपासणीच्या आदल्या दिवशी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करून घेणे, मग प्रमाणपत्र मिळाल्यावर परत वाढवणे, हा प्रकार कृपया करू नका. बीएस-4 पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराच्या तपासणीत 65 हार्टरिज एककांपर्यंत (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) सूट आहे. चांगल्या नोझल, स्वच्छ एअर फिल्टर आणि योग्य टायमिंग असलेले जुने इंजिन ती मर्यादा स्क्रू न फिरवता पाळते.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्यामागे माझी एक चूक आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका गरीब माणसाच्या गाडीचा पंप मी पूर्ण नवे एलिमेंट घालून, बेंचवर उत्तम बसवून दिला आणि टाकी न पाहता गाडी सोडली. महिन्याभरात ती परत आली. नव्या प्लंजरांवर उभे ओरखडे होते, बारीक गंजाचे. त्याने कर्ज काढून केलेला खर्च वाया गेला होता. दुसऱ्यांदा मी माझ्या खर्चाने ते काम केले, पण त्याची भाड्याची दोन महिन्यांची बुडालेली कमाई मला परत देता आली नाही. तेव्हापासून टाकी उघडल्याशिवाय मी पंप बसवून देत नाही.

म्हणून आपल्या गाडीसाठी माझा क्रम असा राहील. या आठवड्यात कॅनची तपासणी आणि झाकणाचा आवाज. त्यानंतर टाकी उतरवून धुणे, नळ्या, वॉशर आणि दोन्ही फिल्टर. सोबत फीड पंपाचे किट आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. या सगळ्याचा खर्च गॅरेजने सांगितलेल्या रकमेचा अगदी लहान हिस्सा असेल, आणि आपण वर्णन केलेला दोष इथेच संपेल अशी मला बरीच खात्री आहे. उरलाच तर नोझल टेस्टर, आणि त्यानंतरच बेंच.

आता बॅरलबद्दल. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेच्या आत पावसाचे पाणी साचते. दिवसा उन्हाने बॅरल तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री ती आकसते आणि झाकणाच्या आट्यांतून साचलेले पाणी आत ओढले जाते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात झाकण घट्ट आहे एवढ्याने भागत नाही. बॅरल छपराखाली आडवे ठेवावे, दोन्ही बुचे डिझेलच्या पातळीखाली राहतील असे, म्हणजे हवा ओढली जाणार नाही. वापरासाठी उभे करायचे असेल तर ते किंचित कलते ठेवावे, वर साचणारे पाणी बुचांपर्यंत पोहोचणार नाही असे. डिझेल काढताना नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी आणि तळचे ते चार बोटांचे डिझेल कधीही गाडीत घालू नये. गाळून घेण्यासाठी धोतराचे कापड पुरत नाही, कारण त्यातून पाणी सहज जाते. पाणी वेगळे करणारे गाळणीचे नरसाळे मिळते, ते घ्यावे. गाडीची टाकी पावसाळ्यात रात्री भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा कमी राहते, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या पेल्यात थोडे डिझेल काढून पाहावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गाडी नेत असाल तर गुरुवारी संध्याकाळी हे करा. पेल्यात तळाला पाण्याचा गोल दिसला, तर तो दिसेनासा होईपर्यंत सोडत राहा, आणि त्या आठवड्यात बॅरलचे डिझेल गाडीत घालू नका.